दुसऱ्याच्या परसात भाजी



वसंत व्याख्यानमालेत राजकारणापासून वेदान्तापर्यंत सारे विषय होऊन गेले आहेत. तेव्हा मेथी-मुळ्याने एक संध्याकाळ मागितली, तर आपण रागावणार नाही असे मी धरून चालतो.

पुण्यात जुन्या बंगल्यांच्या मागे अजून परस आहेत. मालक थकलेले, मुले परगावी, आणि जमिनीवर गाजरगवत माजलेले. शेजारच्या इमारतीत कुणाला तरी भाजी लावायची हौस असते. पण मागणाराला संकोच, देणाराला भीती. तिथेच घोडे पेंड खाते.

ही भीती खुळी म्हणून उडवून लावू नये. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी कसणाऱ्याला न्याय दिला. तो योग्यच झाला, असे मी मानतो. मात्र 'दुसऱ्याचा हात लागला की जमीन गेली' ही धास्ती तेव्हापासून घराघरांत बसली. कायदा शेतजमिनीचा, धास्ती परसापर्यंत आली. म्हणून माझ्या मते पहिले अवजार कुदळ नव्हे, कागद. जागा भाजीपुरती, अमुक मुदतीपर्यंत, केवळ परवानगीने दिली आहे. मालकीचा वा कुळाचा हक्क नाही. पाणी कोणाचे, फाटक केव्हा उघडायचे, भाजीतला वाटा किती, एवढे त्यात यावे. अशा परवानगीचा विचार १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात केलेला आहे. परवानगी काढून घेतली तरी निघून जाण्यास आणि आपले सामान हलवण्यास वाजवी वेळ मिळतो. आता उभ्या वांग्याला सामान म्हणावे की नाही, याचा खल वकिलांकडे करण्यापेक्षा मुदतच पिकाच्या हिशेबाने ठरवलेली बरी!

पीकही त्याच हिशेबाने घ्यावे. मेथी महिन्याभरात हाती येते, मुळा दीड महिन्यात. भेंडी-गवार साधारण पन्नास दिवसांत तोडणीला लागतात. शेवगा, कढीलिंब, लिंबू यांचा मोह मात्र टाळावा. झाड लावणे म्हणजे मुक्काम ठोकणे, आणि मालकाच्या मनातली पाल तिथेच चुकचुकते.

जागा निवडताना उन्हाळ्यातले ऊन फसवते. पुण्यात सूर्य मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस भर माथ्यावर येतो. त्या दिवसांत दुपारी भिंतीला सावलीच नसते. डिसेंबरात तीच दहा फूट उंच भिंत भर दुपारी उत्तरेकडे सुमारे नऊ फूट सावली टाकते. दक्षिणेच्या भिंतीलगत आज लखलखीत दिसणारा वाफा हिवाळ्यात गारठून बसेल. तेव्हा दहा फूट रुंद, वीस फूट लांब एवढाच तुकडा घ्यावा, पण भिंतीपासून दूर, उघड्यावर.

जुन्या बांधकामाजवळ चुना-विटांचा राडा मिसळलेला असतो. तो वेचून काढावा. आंब्याची मुळे लागली तर कुदळ थांबवावी. झाड मालकाचे आहे. वरून कुजलेले शेणखत घालावे, एवढ्या जागेस चाळीस-पंचेचाळीस किलो पुरे. पुष्कळ जण इथे अडखळतात. परक्या मातीत आपले खत का घालायचे? जाताना ते पोत्यात भरून नेता येत नाही, हे खरे. पण न घातले तर भाजीही परक्याच्याच नशिबासारखी येते. मी ते भाडे समजतो, आणि भाडे म्हणून ते स्वस्त आहे.

पाण्याचे गणित आधीच मालकासमोर मांडावे. कडक उन्हात एवढ्या वाफ्याला रोज नव्वद-शंभर लिटर, म्हणजे सहा-सात बादल्या लागतात. ज्या घरी पाणी एक वेळ येते तिथे ही लहान मागणी नव्हे. म्हणूनच आरंभ पावसाळ्यात करावा. आता वैशाखात जमीन फक्त खणून उलथी ठेवावी. ढेकळे उन्हात तापू द्यावीत. पहिल्या पावसाने तण उगवेल, ते उपटावे, मग पाणी तुंबू नये म्हणून वाफे वीतभर उंच करून पेरावे. बी मृगाआधी घरात आणून ठेवावे. पाऊस लागल्यावर दुकानात गर्दी होते.