अंगदुखी, सुगंधी तेले आणि आपण

(वर्षावासातील व्याख्यानमालेत नायगाव येथे दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. वर्षावासाच्या व्याख्यानमालेत बामच्या बाटलीवर कसले भाषण? परंतु आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी बाम, निलगिरीचे तेल किंवा मालिशचे तेल यांपैकी काहीच नाही, त्यांनी हात वर करावा. पाहा, एकही हात वर आला नाही. जी वस्तू प्रत्येक घरात आहे, तिच्याविषयी नीट माहिती असणे हे आपले कर्तव्य आहे.

मुंबईकडून येणारी लोकल वसई खाडीचा पूल ओलांडते आणि नायगाव येते. या खाडीकाठी आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांनी मिठागरांत आयुष्य घालवले. तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, लाकडी फावड्याने मीठ ओढायचे, ओल्या मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहायच्या, आणि हे सारे खाऱ्या पाण्यात अनवाणी उभे राहून. आज त्यांची मुले गोदामात, बांधकामावर, घरकामाला जातात; वर लोकलमध्ये तासभर उभे राहायचे ते वेगळेच. काम बदलले, पण पाठ, खांदे आणि पोटऱ्या तेव्हाही दुखत होत्या, आजही दुखतात. आमच्या ओळखीच्या एक ताई घरकाम करतात. त्या एकदा म्हणाल्या, "तेलाने रात्र निघते, दिवस नाही." आज आम्ही जे सांगणार आहोत त्याचे सार याच वाक्यात आहे.

जुनी परंपरा

विनयपिटकातील महावग्गात औषधांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. आयुष्मान पिलिंदवच्छ यांना वाताचा त्रास झाला तेव्हा वैद्यांनी औषध म्हणून उकळून सिद्ध केलेले तेल सांगितले आणि भगवंतांनी त्यास अनुमती दिली. अंगात वात भरला तेव्हा घाम काढण्याची चिकित्सा, पाल्याचा शेक, पाला उकळलेले पाणी, असे एकेक उपाय मान्य केले. पाय फुटले तेव्हा पायांना लावण्याच्या तेलालाही मान्यता दिली. शरीराला होणारी वेदना त्यांनी क्षुल्लक मानली नाही.

याच प्रकरणात एक मार्मिक प्रसंग आहे. तेल उकळताना थोडे मद्य घालायचे असे. काही भिक्षूंनी ते भरमसाट घातले आणि तेल पिऊन ते झिंगले. तेव्हा भगवंतांनी प्रमाण ठरवून दिले, आणि जास्त मद्य पडलेले तेल टाकून न देता अंगाला चोळण्यासाठी ठेवावे असे सांगितले. म्हणजे औषध तेच असले तरी प्रमाण चुकले की दोष उत्पन्न होतो, आणि पोटात घ्यायचे औषध वेगळे, अंगाला लावायचे वेगळे. हे दोन्ही नियम आज आपल्या कपाटातील बाटलीलाही लागू आहेत.

आपल्या महाराष्ट्रातही ही विद्या होती. पश्चिम खानदेशात रोशा नावाचे गवत उगवते. भट्टीवर वाफेने त्याचे तेल काढून ते मुंबई बंदरातून परदेशी जात असे. तिकडे ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठीही वापरले जाई. इकडे लोक ते सांधेदुखीवर चोळत. कोकणात घराघरांत निर्गुडीचा पाला उकळून शेकतात. आणि अमृतांजन हा बाम काशीनाथुनि नागेश्वरराव यांनी १८९३ साली सुरू केला तो मुंबईतच.

हे तेल काम कसे करते?

विद्यार्थी मित्रांनी प्रथम एक भेद लक्षात घ्यावा. तीळतेल, खोबरेल ही स्निग्ध तेले. निलगिरी, पुदिना, गंधपुरा, गवती चहा यांची तेले उडून जाणारी. कागदावर दोन्हींचा एकेक थेंब टाकून पाहा. खोबरेलाचा डाग राहतो. शुद्ध निलगिरीचा काही वेळाने जवळजवळ नाहीसा होतो. स्वस्त तेलाची भेसळ असेल तर तेलकट डाग मागे राहतो.

पुदिन्याच्या सत्त्वाला मेंथॉल म्हणतात. ते लावल्यावर गार वाटते, पण त्वचेचे तापमान काही तेवढे उतरलेले नसते. त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांवर थंडी ओळखणारे एक प्रथिन असते. मेंथॉल त्यालाच चेतवते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन या शास्त्रज्ञांनी मेंथॉलचाच उपयोग करून हे प्रथिन स्वतंत्रपणे शोधले. उष्णता व स्पर्श यांच्या जाणिवेवरील संशोधनासाठी त्यांना २०२१ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गार किंवा गरम अशी ही नवी जाणीव मेंदूकडे जाते आणि दुखण्याची जाणीव काही काळ मागे पडते. लहान मुलाला लागले की आई तिथे हात चोळते, तसेच हे.

आता स्नायू का दुखतात? सवय नसलेले काम केले की दुसऱ्या दिवशी अंग धरते. पोलीस भरतीसाठी एकदम धावायला लागलेल्या मुलांना याचा अनुभव असेल. लॅक्टिक ॲसिड साठते म्हणून असे होते, ही समजूत आता मागे पडली आहे; ते थोड्याच वेळात रक्तातून निघून जाते. खरे कारण म्हणजे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजा आणि त्यामुळे येणारा दाह. हे दुखणे एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते आणि मग आपोआप ओसरते.

तेल या इजा भरून काढत नाही. २०१४ साली कॉक्रेन या संस्थेने सॅलिसिलेट असलेल्या, म्हणजे गंधपुऱ्याच्या जातीच्या मलमांवरील प्रयोगांचा आढावा घेतला. त्यांचा ठोस फायदा सिद्ध होत नाही असाच निष्कर्ष निघाला. इतर सुगंधी तेलांवरचे प्रयोग लहान आहेत, आणि आराम तेलाने पडला की चोळणाऱ्या हाताने, हे त्यांत वेगळे काढणे कठीण असते. मग तेल लावूच नये का? तसे आम्ही म्हणत नाही. दोन घटका आराम पडून झोप लागत असेल तर तोही लाभच आहे. फक्त त्याला आराम म्हणावे, इलाज म्हणू नये. 'मुळापासून दुखणे घालवणारे' म्हणून कोणी महागडी बाटली विकायला आला, तर तो पैसा मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी ठेवावा.

वापरण्याची रीत

१. निलगिरी किंवा पुदिन्याचे तेल नुसते अंगावर ओतू नये. दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर तीळतेलात किंवा खोबरेलात सुमारे १२ थेंब पुरेत. तयार बाममध्ये आणखी काही मिसळू नये.

२. प्रथम मनगटाच्या आतल्या बाजूस थोडे लावून एक दिवस पाहावे. खाज किंवा पुरळ उठल्यास वापरू नये.

३. ही तेले पेट घेतात. कढई विस्तवावर असताना त्यांत कापूर किंवा निलगिरी घालू नये. स्निग्ध तेल आधी कोमट करून खाली उतरवावे, मग मिसळावे.

४. फुटलेल्या पायांवर, जखमेवर, डोळ्यांजवळ लावू नये. मिठागरात काम केलेल्यांच्या पायांना चिरा असतात. तिथे साधे खोबरेलच बरे.

५. बाम लावून वर गरम पिशवी ठेवू नये किंवा पट्टी आवळून बांधू नये. त्वचा भाजते.

६. पाय मुरगळला असेल तर पहिले दोन दिवस चोळू नये, शेकू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा आणि पाय उंचावर ठेवावा.

७. गरोदर स्त्रिया, दम्याचे व फेफऱ्याचे रुग्ण आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारूनच वापर करावा.

आणि माताभगिनींना कळकळीची विनंती, ही बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. गंधपुऱ्याच्या शुद्ध तेलाचा एक चहाचा चमचा म्हणजे ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्या होतात. तेवढ्याने लहान मूल दगावू शकते. कापूर पोटात गेला तर झटके येतात. दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाला, छातीला बाम मुळीच लावू नये. मुलाने चुकून तेल प्यायलेच तर ओकारी काढत बसू नका. बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठा.

तेलाचे काम नसलेली दुखणी

येथे आमची स्वतःची एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एका काकांच्या पोटऱ्या दुखू लागल्या. साचलेल्या पाण्यातून ते रोज ये-जा करीत. अंगात कणकण होती. आम्ही म्हटले, श्रमाचे दुखणे आहे. दोन रात्री आम्हीच त्यांना तेल चोळले. तिसऱ्या दिवशी डोळे लाल झाले, लघवी कमी झाली. रुग्णालयात नेले तेव्हा लेप्टोस्पायरोसिस निघाला. काका वाचले, पण ते दोन दिवस आमच्या मनातून आजही जात नाहीत. उंदीर व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा रोग होतो. ताप आणि पोटऱ्यांची तीव्र दुखी ही त्याची खूण. वेळेवर औषध मिळाले तर माणूस बरा होतो.

म्हणून पुढील लक्षणे दिसताच तेलाची बाटली बाजूला ठेवावी. पावसाळ्यात तापासह अंगदुखी. छातीत दुखून डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जाणे व घाम फुटणे. एकच पोटरी सुजून गरम लागणे. तिथे रक्ताची गुठळी असू शकते, चोळल्यास ती सुटण्याचा धोका असतो. पाठदुखीबरोबर पाय बधिर होणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे. आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनो, अतिश्रमानंतर लघवी चहासारखी काळपट झाली, तर स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडावर भार पडत आहे असे समजा व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मित्रहो, दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, ही शिकवण आपण रोज ऐकतो. ती पाठदुखीलाही लावून पाहा. रोज रात्री त्याच जागी तेल लागत असेल, तर दिवसा त्या जागी काय घडते याचा विचार करा. ओझे जास्त आहे का? ते दोघांत वाटता येईल का? मध्ये थोडी विश्रांती मागता येईल का? कष्टकऱ्याचे अंग दुखायचेच, असे आपणच म्हणू लागलो की दुखण्याचे कारण कोणी शोधत नाही. आईची पाठ रोज दुखत असेल तर मुलांनी तिला तेल जरूर चोळून द्यावे, पण पाण्याचा हंडाही स्वतः उचलावा.

त्या ताईंची रात्र तेलाने निघते. त्यांचा दिवस हलका कसा होईल, हे आपण सर्वांनी मिळून पाहायचे आहे. एवढे बोलून आम्ही आमचे भाषण संपवतो.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!