सहा सेकंदांची घसरगुंडी



विमानाच्या दाराला आतून, खालच्या बाजूला एक फुगीर पेटी असते. तिच्यात एक अख्खी घसरगुंडी घडी करून बसवलेली असते. ती आणि तुमच्या आसनाखालचं लाइफ जॅकेट तपासणं, दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय.

संकटकाळी दार उघडलं की ही स्लाइड साधारण सहा सेकंदांत फुगते. एवढी हवा येते कुठून? सिलिंडरमधला गॅस थोडाच असतो. पण तो सुसाट सुटताना झडपांतून बाहेरची हवा आत ओढून घेतो आणि स्लाइडचं बहुतेक पोट त्या हवेनंच भरतं. झडपेपाशी कापडाची एक दुमड आडवी आली, की सगळं मुसळ केरात!

वर्कशॉपमध्ये स्लाइड फुगवून काही तास तशीच ठेवतात. दाब उतरला तर साबणाचं पाणी घेऊन सांधा न् सांधा बघायचा. बुडबुडा आला की तिथं खूण. पुढचं काम सायकलच्या पंक्चरसारखंच: घासा, पुसा, गोंद लावा, रोलर फिरवा. मात्र हवेतला दमटपणा मर्यादेबाहेर असेल तर गोंदाच्या डब्याला हात लावायचा नाही. मुंबईच्या पावसाळ्यात तर मुळीच नाही.

खरा जीव जातो तो घडी घालण्यात. प्रत्येक दुमड पुस्तिकेतल्या आकृतीप्रमाणेच हवी. एक चुकली की सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. नवी पोरं इथंच कंटाळतात, आणि माझ्या मते माणसाची पारख इथंच होते.

पण आम्ही सगळं चोख केलं तरी पुढचं तुमच्या हातात असतं. 23 नोव्हेंबर 1996 रोजी इथिओपियन एअरलाइन्सचं अपहृत विमान इंधन संपून कोमोरोजजवळ समुद्रात कोसळलं. ती फेरी मुंबईहूनच निघाली होती. विमानातल्या 175 पैकी 125 जण दगावले. अनेकांनी लाइफ जॅकेट आतच फुगवलं होतं. पाणी शिरलं तसे ते छताला टेकले. बुडी मारून दार गाठता येईना. जॅकेटं मात्र नीट फुगली होती.

तेव्हा जॅकेटची दोरी विमानाबाहेर पडतानाच ओढा. स्लाइडवर येताना बॅग घेऊ नका, टाचांचे बूट काढा. आणि कृपा करून ते जॅकेट आठवण म्हणून घरी नेऊ नका. त्या आसनावर पुढच्या फेरीला दुसरं कुणीतरी बसणार असतं.