‘आमच्यात’ काय चालतं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, पहिला दिवस, दुपारच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘बदलता समाज, संस्कृती आणि आरोग्य’. वीस मिनिटांत एवढं मावायचं नाही. तीस वर्षं मी याच गावात बाळंतपणं करते आहे. त्या खुर्चीतून जे दिसलं तेवढंच सांगते, आणि तेही एकाच शब्दाच्या आधाराने. तो शब्द म्हणजे ‘आमच्यात’.

‘डॉक्टर, आमच्यात अंडं चालत नाही.’ ‘आमच्यात ग्रहण पाळतात.’ ‘आमच्यात बाळंतिणीला हे देत नाहीत.’ माणूस आपण कोण हे सांगताना फार मोठं काही बोलत नाही. आपल्या घरात काय शिजतं आणि काय शिजत नाही, हे सांगतो. पण एक वाक्य मी कधीच ऐकलं नाही : ‘आमच्यात सून शेवटी जेवते.’ ते कुणी बोलत नाही, कारण ते बोलायची गरजच पडत नाही.

सातव्या महिन्यातली एखादी मुलगी येते, हिमोग्लोबिन आठ. सोबत सासूबाई. मी मुलीला विचारते, काय खातेस? उत्तर सासूबाई देतात : ‘घरात कशाची कमी नाही हो.’ आणि ते खरंच असतं. डाळ आहे, दूध आहे, भाजी आहे. फक्त ती जेवायला बसते तेव्हा दुधाचं भांडं घासायला पडलेलं असतं आणि भाजीच्या कढईत तेल उरलेलं असतं. आपल्या देशात २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी निघाल्या. त्या सगळ्या काही गरीब घरांतल्या नव्हत्या.

याचं पुढे काय होतं, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांची, गरोदर राहण्याच्या आधीपासून नोंद ठेवली. जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी केली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं ३.५ किलोचं. इथवर नवल नाही. नवल पुढे आहे. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. दिसायला किडमिडीत, आतून चरबीचं. २००३ साली हे प्रसिद्ध झालं आणि ‘बारीक पण चरबीयुक्त भारतीय बाळ’ अशी त्याची जगभर ओळख झाली.

त्याच डॉक्टरांचा २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला एक फोटो मी पेशंटना नेहमी सांगते. शेजारी शेजारी दोन डॉक्टर उभे : एक याज्ञिक, दुसरे लंडनचे युडकिन. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं तंतोतंत सारखं, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा ‘मी कुठे जाड आहे? मला कशी साखर होईल?’ असं मागच्या रांगेतून जे मघाशी मला विचारलं गेलं, त्याचं उत्तर त्या फोटोत आहे. देशात आज १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. या हॉलमध्ये किती, ते चहाच्या वेळी साखर नको म्हणणाऱ्यांवरून मी मोजलंय.

त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी१२ जीवनसत्त्व कमी होतं. हे फक्त दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. पालेभाजीत ते नसतं. ‘आमच्यात’ अंडं चालत नसेल तर माझा आग्रह नाही. पण मग निदान वाटीभर दही तिच्या ताटात पहिल्यांदा पडलं पाहिजे. आणि बी१२ हे जीवाणूंकडून तयार करून घेतात, तेव्हा ती गोळी कुणालाही चालावी.

आता कुणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्यांच्या चालीरीती अशा बदलतात होय? त्याचं उत्तर आपल्या उपासाच्या ताटात आहे. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची. यातलं एकही मूळचं आपलं नाही. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला, आणि बाकीचे तिघेही अमेरिका खंडातूनच आले, पोर्तुगीज इकडे आल्यानंतर. आज गव्हाची पोळी उपासाला चालत नाही आणि परदेशातून आलेली खिचडी चालते! आपल्या मातीतली म्हणावी अशी त्यात एक भगर. तिच्या गिरण्या आपल्या नाशिकातच आहेत, आणि ती आपण नाइलाज म्हणून खातो.

नागलीचंही तसंच. आठवतं का, आपल्या वर्गात पेठ-सुरगाण्याकडची चार-पाच मुलं होती, वसतिगृहात राहायची. सुट्टीहून परतताना घरून नागलीची भाकरी आणायची आणि डब्याचं झाकण अर्धं मिटून खायची. काळी भाकरी म्हणून हसणारे आपल्यातलेच होते. नावं घेत नाही, पहिल्या दोन रांगांत आहेत. त्या नागलीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम. आपल्या पांढऱ्या भातात १० च्या आसपास. त्या मुलांनी पुढे नोकऱ्या धरल्या, सातपूर-अंबडला घरं केली आणि ‘सुधारलो’ म्हणून पहिली कुठली गोष्ट सोडली असेल, तर नागली. मग २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं आणि कॉलेज रोडच्या दुकानांत नागलीची बिस्किटं सुंदर खोक्यांतून आली. परवा अशाच एका जुन्या मित्राच्या सुनेने मला विचारलं, ‘मॅडम, रागी सुरू करू का? चांगली असते म्हणे.’ मी म्हटलं, बाई, सासऱ्यांना विचार. ते गालात हसले, पण काही बोलले नाहीत.

घरं बदलली. पंचवटीतले, भद्रकालीतले वाडे गेले, पाटाच्या जागी डायनिंग टेबल आलं. मला वाटलं होतं, टेबल आलं की पंगतीचा क्रम मोडेल. पण आपल्याला तव्यावरची पोळी थेट ताटात लागते. चार खुर्च्या भरतात, पाचवी ओट्याशी उभी. मुलगी आयटीत, पगार नवऱ्याइतका, संध्याकाळी सातला घरी, आठला पोळ्या लाटते आणि साडेनऊला गार झालेलं जेवते. पुण्या-मुंबईत आणि अगदी अमेरिकेतही मी हेच पाहिलं. गरम पोळीचं हे कौतुक मला आपल्या सगळ्या चालींमध्ये सर्वांत महाग वाटतं, कारण त्याची किंमत घरातल्या एकाच माणसाच्या हाडांतून आणि रक्तातून वसूल होते. पोळ्या करून डब्यात ठेवा. फडक्यात गुंडाळलेली पोळी अर्ध्या तासाने मऊच असते. सगळे एकदम बसा. एवढंच माझं प्रिस्क्रिप्शन.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मिसळीच्या ठिकाणी जाऊन बघा. आजी, आई, सून, नातू एकाच टेबलावर, एकाच वेळी, सगळ्यांच्या पुढ्यात वाफाळलेला रस्सा. कुणी कुणासाठी उभं नाही. नाशिकच्या बायका मिसळीवर इतक्या का खूश असतात, याचं तर्रीइतकंच हेही कारण असावं अशी मला दाट शंका आहे.

उद्याची सूचना सांगते आणि थांबते. सकाळी सात वाजता शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात सगळ्यांची साखर, हिमोग्लोबिन आणि बी१२ तपासायची सोय केली आहे. उपाशीपोटी या, चहासुद्धा नको. साबुदाण्याची खिचडीही चालणार नाही. जोडीदाराला घेऊन या, सूनबाई-लेकी इथे असतील तर त्यांनाही. मिसळ साडेआठला आहे, आणि वाढायला माणसं बाहेरची बोलावली आहेत.