सिरीसवरचा खार



कडोदऱ्याच्या माझ्या दवाखान्यात नॅट्रम म्यूर आणि नॅट्रम कार्ब या बाटल्या शेजारी शेजारी असतात. एक साधे मीठ, दुसरा धुण्याचा सोडा. हीच दोन द्रव्ये मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या सिरीस या बटुग्रहावर सापडली, म्हणून हा विषय घेतला. औषधाशी संबंध इतकाच.

सिरीसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर. मार्च २०१५ मध्ये ‘डॉन’ यान तिथे पोहोचले, तेव्हा ऑकेटर या ९२ किलोमीटर रुंद विवरात पांढरे डाग चकाकत होते. पुष्कळांना ते बर्फ वाटले. २०१६ मध्ये कळले, ते सोडियम कार्बोनेट.

हा खार आपल्याला परका नाही. बुलढाण्याच्या लोणार सरोवरातून पूर्वी बहुतांशी तोच काढीत. दल्ला, खुप्पल अशी त्याच्या प्रतींची नावे. लोणारही आघातानेच झालेले विवर. पण तिथे काम उन्हाचे: पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही, वाफ तेवढी होते. सिरीसवर काम थंडीचे. पाणी गोठताना मिठाला बर्फात जागा देत नाही. उरलेले पाणी अधिक खारट होते, आणि जितके खारट तितके गोठायला नाखूष. आइस्क्रीमच्या पॉटात बर्फावर खडे मीठ घातलेल्यांना हे सांगायला नको. साध्या मिठाचे पाणी उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकते. ते भेगांतून वर आले की शीतज्वालामुखी. निर्वातात पाणी उडते, मीठ राहते.

हे घडले केव्हा? २०२० मध्ये त्या डागात हायड्रोहॅलाइट आढळले, म्हणजे पाणी धरून बसलेले मीठ. उघड्यावर ते पाणी फार टिकत नाही. विवर मात्र सुमारे दोन कोटी वर्षांचे. आघाताच्या उष्णतेने वितळलेले पाणी केव्हाच गोठले असणार. म्हणून सुमारे ४० किलोमीटर खाली खाऱ्या पाण्याचा साठा मानावा लागतो. मला हा तर्क पटतो, जरी शनीच्या एन्सेलाडसवर फवारे प्रत्यक्ष दिसले तसे इथे दिसलेले नाहीत.

२०१८ मध्ये ‘डॉन’चे इंधन संपले. खालच्या पाण्यात पृथ्वीवरचे जंतू जाऊ नयेत म्हणून यान सिरीसवर पाडले नाही. पाणी गाळून पिणाऱ्या आम्हा जैनांना ही काळजी ओळखीची वाटते. यान अजून तिथेच मुके फिरते आहे.