नाताळचा केक : करणे, राखणे आणि वाटणे

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवात माता-भगिनींपुढे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी धर्मगुरूने केकाविषयी बोलावे, हे काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या पदार्थाची तयारी सणाच्या महिनाभर आधी सुरू करावी लागते, त्याचा आगमनकाळाशी निकटचा संबंध आहे.

पूर्वी आगमनकाळ हा उपासाचा काळ असे आणि त्यात लोणी वर्ज्य असे. जर्मनीतील ड्रेस्डेन परिसरात नाताळसाठी होणारा 'श्टोलेन' त्यामुळे तेलातच मळावा लागे. १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी तेथील लोकांस लोणी वापरण्याची मुभा दिली. इंग्लंडात आगमनकाळापूर्वीच्या शेवटच्या रविवारची प्रार्थना 'हलवून जागे कर' अशा अर्थाच्या शब्दांनी आरंभ पावे. ती कानी पडताच गृहिणींना नाताळच्या पुडिंगचे मिश्रण ढवळण्याची आठवण होई. अंतःकरण आणि पातेले ही दोन्ही एकाच रविवारी ढवळली जात, असे म्हणावयास हरकत नाही!

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, अंजीर व पाकवलेली संत्र्याची साल मिळून १ किलो घ्यावी. बिया काढून, बारीक चिरून, स्वच्छ व कोरड्या काचेच्या बरणीत १५० मिलिलिटर रममध्ये निदान आठवडाभर भिजत ठेवावी. बरणीत ओला चमचा कदापि घालू नये. केकासाठी लोणी २५० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, अंडी ५ आणि मैदा ३०० ग्रॅम पुरतो. दालचिनी, जायफळ व लवंग यांची पूड मिळून एक चमचा घ्यावी. मेव्यास थोडा मैदा चोळल्यास तो तळाशी बसत नाही. ९ इंची डब्यास आतून कागदाचे दोन थर लावून १५० अंश सेल्सियसच्या मंद आचेवर सुमारे तीन तास भाजावे. मध्यभागी खुपसलेली सळई कोरडी निघाली म्हणजे केक झाला.

खरी परीक्षा पुढे आहे. साखर व मद्य ही पाण्याचा अंश बांधून ठेवतात, म्हणूनच हा केक टिकतो. परंतु आपल्या किनाऱ्याची हवा दमट. केक रात्रभर डब्यातच पूर्ण निवू द्यावा. ऊन असताना गुंडाळल्यास वाफेचे पाणी होऊन बुरशी धरते. प्रथम बटर पेपर दोनदा गुंडाळावा, मग त्यावर अॅल्युमिनियमचा कागद. हा कागद केकास थेट लागू देऊ नये, कारण फळांतील आम्ल त्यास खाते. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड व कोरड्या जागी ठेवावा. आठवड्यातून एकदा उघडून, पाहून, दोन मोठे चमचे रम वर शिंपडावी व सणापूर्वी आठवडाभर थांबावे. बुरशी दिसलीच तर तेवढाच भाग कापून भागत नाही. सारा केक टाकावा लागतो.

आता मनापासून एक विनंती करतो. आपल्यांत काही बंधू असे आहेत की, ज्यांनी मोठ्या कष्टाने दारू सोडली आहे. भाजल्याने रम सर्वस्वी उडून जाते, हा समज खरा नव्हे. आणि भाजल्यानंतर शिंपडलेली रम तर अग्नी पाहतच नाही. सणाच्या दिवशी प्रेमाने पुढे केलेल्या एका तुकड्याने कोणाचा निश्चय ढासळला, तर त्या प्रेमास काय म्हणावे? म्हणून प्रत्येक घरी एक लहान केक मद्यावाचून व्हावा. मेवा रात्रभर संत्र्याच्या रसात भिजवावा, नाताळच्या दोन-चार दिवस आधीच भाजावा, शीतपेटीत ठेवावा आणि आठवड्याच्या आत संपवावा. त्यावर रस शिंपडू नये. तो लवकर नासतो. दोन्ही केकांच्या डब्यांवर चिठ्ठी लावावी, म्हणजे कोणास अवघडून विचारावे लागणार नाही. बालकांस व गरोदर भगिनींसही हाच केक द्यावा.

दुसरे असे की, शेजारणीची बरोबरी करण्यासाठी कोणी कर्ज काढू नये. अर्ध्या मेव्याचा केकही केकच असतो. दोन-तीन घरांनी मिळून मेवा घेतला व एकाच भट्टीत भाजला, तर खर्च कमी होतो आणि अबोलाही सुटतो.

शेवटी, केक कापताना आधी बाहेरचे वाटे काढावेत. ज्या घरी यंदा मृत्यू झाला, जेथे विधवा माता एकटी आहे, जेथे आजारी माणूस अंथरुणाला खिळला आहे, तेथे पहिले वाटे जावोत, उरलेला घरच्यांचा. महिनाभर सांभाळून ठेवलेली वस्तू हातावेगळी करणे सोपे नसते, आणि म्हणूनच त्या देण्यास मोल आहे. गोठ्यात जन्मलेल्या बाळाचा सण याहून योग्य रीतीने कसा साजरा होईल?

इतके बोलून मी आपली रजा घेतो. प्रभू आपल्या घरांवर कृपा करो.