हाताला विद्येचे बळ



श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन स्थापिले. तंत्रशिक्षण मातृभाषेतून मिळावे, हा तेथील आद्य प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह. दादासाहेब फाळके तेथेच शिकले.

पुढे १९५० पासून देशभर औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांची दारे उघडली. तरीही ‘गुण कमी पडले म्हणून आयटीआयला घातला’ असेच आपण म्हणतो. जुन्या लेथवर शिकलेला मुलगा संगणकचलित यंत्रापुढे गांगरतो, तो दोष त्याचा नव्हे. निदेशकांनीही अधूनमधून कारखान्यात जाऊन नवे शिकले पाहिजे.

आम्हांस वाटते, मंडळाच्या गुणगौरवात यापुढे पदवीधरांच्या पंक्तीला फिटर आणि वेल्डरही बसावा. परमुलखात आपल्याला कित्येकदा हातच्या कसबानेच तारले आहे.