माओंचे गुरुजी



१९३४च्या ऑक्टोबरात चीनच्या कम्युनिस्टांच्या लाल सेनेने जिआंग्शी प्रांत सोडला. पुढे लाँग मार्च म्हणून गाजलेल्या त्या पायपिटीत सत्तावन्न वर्षांचे एक मास्तर होते. त्यांचं नाव शू तेली.

जन्म १८७७चा, हुनान प्रांतात छांगशाजवळ, गरीब शेतकऱ्याच्या घरी. तरुणपणी गावात मुलं शिकवायची आणि वाट्याला आलेली जमीन थोडी थोडी विकून पुस्तकं घ्यायची, असा त्यांचा क्रम. बादशाही राजवटीने संसद द्यावी म्हणून १९०९मध्ये त्यांनी भर सभेत स्वतःचं बोट कापलं आणि रक्ताने मागणी लिहिली. पुढे छांगशाच्या अध्यापक विद्यालयात त्यांच्यासमोर एक विद्यार्थी बसू लागला, माओ त्से तुंग. १९१९मध्ये बेचाळिसाव्या वर्षी हे गुरुजी कोवळ्या पोरांबरोबर फ्रान्सला शिकायला निघाले!

१९२७ साली राष्ट्रवादी नेते चँग कै-शेक यांच्या पक्षाने कम्युनिस्टांची कत्तल आरंभली. जीव वाचवायला अनेकांनी पक्ष सोडला. शू तेली नेमके त्याच वर्षी, पन्नाशीत, पक्षात आले. पदासाठी येणारा माणूस असली वेळ निवडत नाही. म्हणून मला हा निर्णय त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा वाटतो.

राजकारणात त्यांच्याकडे काम आलं तेही शिकवण्याचंच. पत्रकार एडगर स्नो १९३६मध्ये त्यांना भेटले, तेव्हा ते कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या लाल प्रदेशाचं शिक्षण खातं सांभाळत होते. कागदाची वानवा, आणि भोवतालचा जवळपास सारा मुलूख निरक्षर. अक्षरओळख आणि पक्षाचा प्रचार एकाच धड्यातून चाले, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही ज्या शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या कुणी अक्षर दाखवलं नव्हतं, त्यांच्यापर्यंत ते पोहोचलं.

१९३७मध्ये गुरुजी साठ वर्षांचे झाले, तेव्हा माओंनी पत्र लिहिलं: आपण वीस वर्षांपूर्वी माझे शिक्षक होतात, आजही आहात आणि पुढेही राहाल. येनान या कम्युनिस्टांच्या तळावरच्या विज्ञान संस्थेची धुराही पुढे शू तेलींनी वाहिली.

१९६६मध्ये माओंनी सांस्कृतिक क्रांती पुकारली. चीनभर विद्यार्थी आपल्याच शिक्षकांची धिंड काढू लागले, त्यांना मारहाण करू लागले. कित्येक शिक्षकांचे त्यात प्राण गेले. शू तेली तेव्हा हयात होते. नोव्हेंबर १९६८मध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी, बीजिंगमध्ये त्यांचं निधन झालं. शाळांमधलं ते थैमान तेव्हाही पुरतं शमलं नव्हतं.